पुरुमेंतात सुके बांगडे भरले, गोळ्या भरल्या का? : घरचा एक डॉक्टर आणि घरचा खर्च



मे महिना संपत आला. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. होड्या वर ओढायच्या, जाळी शिवायची, इंजिनं खोलायची आणि घरात पुरुमेंत भरायचं. सुके बांगडे, सुकट, मिरच्या, आमसुलं, तांदूळ सगळं डब्यात जातं. दर वर्षी या दिवसांत आम्ही इथं अनुदानाचे कागद, बोटीचा विमा, परवान्याचं नूतनीकरण यावर लिहितो. यंदा संचालक मंडळात असं ठरलं की एक धडा घराच्या औषधपाण्याच्या खर्चावर लिहायचा.

कारण सांगतो. संस्थेच्या कर्जाच्या अर्जात 'कर्ज कशासाठी' अशी एक ओळ असते. पूर्वी तिथं जाळं, इंजिन, घराचं छप्पर, मुलीचं लग्न असं लिहिलेलं असायचं. आता 'औषधोपचार' हा शब्द आम्हाला वारंवार वाचायला मिळतो. जाळ्यासाठी काढलेलं कर्ज जाळंच फेडतं. औषधोपचाराचं कर्ज फेडायला मात्र दुसरं काही नसतं, ते घराच्या पोटातूनच जातं. म्हणून हा विषय.

एका अर्जाची गोष्ट

नाव सांगत नाही, पण त्या घरची परवानगी घेऊन लिहितो. आमचे एक जुने तांडेल, वय पन्नाशीच्या पुढं. चाळीस हजारांच्या कर्जासाठी अर्ज घेऊन आले. सोबत कागदांची पिशवी होती. ती टेबलावर ओतली तेव्हा चार ठिकाणच्या चिठ्ठ्या निघाल्या.

झालं होतं असं. जाळं ओढून कंबर धरायची, म्हणून ते फार्मसीतून दुखण्याची गोळी घ्यायचे. रोज एक, कधी दोन. वर्ष-दोन वर्षं असंच चाललं. एकदा ताप आला म्हणून जेटीजवळच्या दवाखान्यात गेले, तिथं बीपी वाढलेलं निघालं आणि बीपीची गोळी सुरू झाली. दोन महिन्यांनी बाजाराच्या गावी दुसऱ्या दवाखान्यात गेले. पहिली चिठ्ठी घरी राहिली होती. तिथं बीपीची दुसरी गोळी मिळाली, नाव वेगळं, रंग वेगळा. तांडेलांना वाटलं ही जादा ताकदीची, आणि ते दोन्ही घेऊ लागले.

काही दिवसांनी पायांना सूज आली. मग तिसरे डॉक्टर. सूज म्हटल्यावर त्यांनी मूत्रपिंडाच्या तपासण्या सांगितल्या, हृदयाची सोनोग्राफी सांगितली आणि लघवी वाढवणारी गोळी दिली. तपासण्यांत मोठं काही निघालं नाही. पण एका पहाटे होडीवर जाळं ओढताना चक्कर आली आणि ते काठावरच कोसळले. बरोबरच्या पोरानं धरलं नसतं तर पाण्यातच होते. किनाऱ्यावर आणून खासगी इस्पितळात दाखल केलं. तीन दिवस. दीनदयाळ योजनेचं कार्ड घरात होतं, पण त्याचं नूतनीकरण राहिलं होतं. पैसे खिशातून गेले.

शेवटी ते आमच्या भागातल्या सरकारी आरोग्य केंद्रात गेले. तिथल्या डॉक्टरबाईंनी एकच गोष्ट केली. "घरात जेवढ्या गोळ्या आहेत तेवढ्या उद्या घेऊन या," म्हणाल्या. काकींनी डबा आणून टेबलावर ठेवला. दोन वेगळ्या नावांच्या पाकिटांत औषध एकच निघालं, अॅम्लोडिपिन. त्याचा डोस वाढला की घोट्याला सूज येते, हा त्या औषधाचा माहीत असलेला दुष्परिणाम आहे. त्या सुजेवर लघवीची गोळी. त्यातून चक्कर. आणि मुळात रोजची दुखण्याची गोळी, जिच्यामुळं बीपी वाढू शकतं आणि मूत्रपिंडावरही ताण येतो.

यात कुठल्याही डॉक्टरांना दोष देण्याचा आमचा हेतू नाही. प्रत्येकानं समोर आलेल्या माणसाला त्या दिवशी जे दिसलं त्यावर औषध दिलं. पण चौघांपैकी एकालाही पूर्ण गोष्ट माहीत नव्हती. ती फक्त तांडेलांच्या पिशवीत होती, आणि पिशवी कुणी उघडली नाही.

पैसा नेमका कुठं गेला?

हा हिशेब आम्ही त्यांच्यासोबत बसून केला. चार ओळी निघाल्या.

पहिली, डॉक्टर बदलला की फी नव्यानं आणि सगळी विचारपूस नव्यानं.

दुसरी, तपासण्या पुन्हा. रक्ताची तीच तपासणी दोन ठिकाणी झाली, कारण आधीचा रिपोर्ट दाखवायला नव्हता.

तिसरी, औषधावर औषध. एका गोळीचा त्रास हा नवा आजार समजून दुसरी गोळी.

चौथी, वेळेवर न सापडलेली गोष्ट. ती शेवटी इस्पितळात सापडते, आणि तिथं ती सगळ्यात महाग असते.

यात पाचवी ओळ आपली, दर्याची. जितके दिवस तांडेल घरी, तितके दिवस होडी किनाऱ्यावर. ते कुठल्याच बिलात येत नाही.

आपलं इंजिन आपण दर खेपेला नव्या मेकॅनिककडं नेत नाही. जुना मेकॅनिक आवाज ऐकून सांगतो की मागच्या वर्षी बदललेला भाग पुन्हा खराब झालाय. इंजिनाला आपण जी गोष्ट देतो, ती अंगाला देत नाही. बस इतकंच.

देशाचे आकडे काय सांगतात

सरकारच्या राष्ट्रीय आरोग्य लेख्यांप्रमाणे २०२१-२२ मध्ये देशात आरोग्यावर झालेल्या दर शंभर रुपयांतले सुमारे ३९ रुपये लोकांनी स्वतःच्या खिशातून भरले. २०१३-१४ मध्ये हाच आकडा ६४ होता. म्हणजे कमी झालाय, पण अजून मोठा आहे.

दुसरा आकडा राष्ट्रीय नमुना पाहणीचा, २०१७-१८ चा. बाळंतपण सोडून एका वेळी दाखल होण्याचा सरासरी खर्च सरकारी इस्पितळात ४,४५२ रुपये, तर खासगीत ३१,८४५ रुपये. हे देशाचे आणि काही वर्षांपूर्वीचे आकडे आहेत, पण दोहोंतलं अंतर ध्यानात घ्या. सात पट. एक दाखल होणं टळलं तर किती वाचतं, याचा अंदाज यावरून येतो.

मासेमारी करणाऱ्या एका देशाचा अनुभव

नॉर्वे हा देश आपल्यासारखाच दर्यावर जगणारा. तिथं २००१ पासून प्रत्येक नागरिकाच्या नावावर एक ठरलेला डॉक्टर नोंदवण्याची पद्धत आहे. ताप असो, गुडघा असो, साखर असो, आधी त्याच्याकडंच जायचं. मोठ्या इस्पितळात पाठवायचं की नाही ते तो ठरवतो.

तिथल्या बर्गेन शहरातल्या संशोधकांनी सुमारे ४५ लाख लोकांच्या नोंदी तपासल्या आणि २०२१ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. एकाच डॉक्टरकडं पंधरा वर्षांहून जास्त काळ असलेले लोक आणि जेमतेम एक वर्ष झालेले लोक यांची तुलना केली. जुन्या ओळखीच्या डॉक्टरवाल्यांत रात्री-अपरात्री तातडीची सेवा घेण्याचं प्रमाण सुमारे ३० टक्के कमी, अचानक इस्पितळात दाखल होण्याचं २८ टक्के कमी आणि मृत्यूचं २५ टक्के कमी आढळलं.

यात एक गोष्ट समजून घ्या. अशा अभ्यासातून 'डॉक्टर एकच होता म्हणूनच हे झालं' असं शंभर टक्के सिद्ध होत नाही. माणूस मुळात निरोगी असेल, एका जागी राहणारा असेल, तर त्याचा डॉक्टरही टिकतो. संशोधकांनी वय, आजार वगैरे फरक धरून हिशेब केला, तरीही अंतर उरलं. आणि वर्षं वाढत गेली तसा फायदाही वाढत गेला. ओळखीला किंमत आहे, एवढं यातून नक्की घेता येतं.

आपल्याकडं तशी नोंदणी नाही. कुणीही कुठल्याही दवाखान्यात जाऊ शकतो. हे स्वातंत्र्य चांगलं, पण त्याचं बिलही आपल्यालाच येतं.

हिशेब मांडून बघू

खालचे दर उदाहरणासाठी धरलेत. आपापल्या गावचे दर घालून घरी हाच हिशेब करा. समजा घरात एकाला बीपी आहे आणि थोडी साखर.

डॉक्टरांकडं वर्षातून सहा खेपा, फी ३०० रुपये : १,८०० रुपये.
गोळ्या महिन्याला ४०० रुपये : ४,८०० रुपये.
रक्ताच्या तपासण्या वर्षातून दोनदा, १,५०० रुपये : ३,००० रुपये.
एकूण ९,६०० रुपये, म्हणजे महिन्याला ८००.

आता वरचा खासगी इस्पितळाचा सरासरी आकडा आठवा, ३१,८४५. एकदा दाखल झालात की तीन वर्षांहून जास्त काळाची नियमित डॉक्टर, गोळ्या आणि तपासण्यांची रक्कम एका आठवड्यात जाते. शिवाय बुडालेल्या खेपा वेगळ्या.

हेच सरकारी आरोग्य केंद्रात केलं तर खर्च आणखी उतरतो. तीस वर्षांवरच्या माणसांची बीपी आणि साखरेची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रांत विनामूल्य होते. जनऔषधी केंद्रात तीच गोळी ब्रँडच्या नावाशिवाय पुष्कळदा निम्म्याहून कमी दरात मिळते. मात्र बदल करताना डॉक्टरांना विचारून करा, नाही तर पुन्हा दोन नावांची एकच गोळी घरात येईल.

खरं आहे तेही सांगायला हवं

घरचा डॉक्टर ठरवला की दुसऱ्या दिवसापासून खर्च कमी होतो, असं आम्ही सांगणार नाही. पहिल्या वर्षी तो वाढूही शकतो. वरच्याच तांडेलांच्या घरी काकींची तपासणी त्या निमित्तानं पहिल्यांदा झाली आणि त्यांची साखर वाढलेली निघाली. काकी आमच्यावर थोड्या रागावल्याच. "तुमचं ऐकून गेले आणि महिन्याचा खर्च वाढवून आले," म्हणाल्या.

त्यांचं म्हणणं खोटं नाही. पण साखर त्या दिवशी झाली नव्हती, फक्त कळली त्या दिवशी. आपल्या बायका मासळी साफ करतात, हाताला काटा लागतो, सुरी लागते. दर्यावरच्या माणसाच्या पायात शिंगाळ्याचा काटा जातो. साखर वाढलेली असेल तर ती जखम लवकर भरत नाही. पाय बधिर असेल तर दुखतही नाही, म्हणून लक्षही जात नाही. मग पू होतो, बोट काळं पडतं, आणि कधी कधी बोट किंवा पाय काढायची वेळ येते. त्या खर्चाला कुठलाही आकडा पुरत नाही, कारण दर्यावरचं कामच संपतं.

म्हणून नीट सांगायचं तर असं. घरचा डॉक्टर असला की खर्चाचा प्रकार बदलतो. अचानक येणारा, कर्ज काढायला लावणारा मोठा खर्च कमी होण्याची शक्यता वाढते, आणि त्याच्या जागी छोटा, ठरलेला, आधीच माहीत असलेला खर्च येतो. आपल्यासारख्या, कधी जाळं भरून तर कधी रिकामं येणाऱ्या घरांना हा फरक फार मोठा आहे.

बंदीचे दोन महिने सगळ्यात धोक्याचे

हे आम्ही दर वर्षी बघतो. जून-जुलैत पैसा येत नाही. घरात काटकसर सुरू होते. बीपीची गोळी बंद केली तर लगेच काही दुखत नाही, म्हणून ती पहिली बंद होते. "आता दर्यावर जायचं नाही, मग कशाला?" असं म्हणतात. मग ऑगस्ट उजाडतो. दोन महिने गोळीशिवाय राहिलेला माणूस, नव्या हंगामाचा सगळ्यात जड पहिला आठवडा, रात्रीची झोप नाही, आणि जवळ इस्पितळ नाही.

म्हणून आमची विनंती. पुरुमेंतात गोळ्यांनाही जागा ठेवा. मे महिन्याच्या शेवटच्या विक्रीतून दोन महिन्यांच्या गोळ्यांचे पैसे वेगळे काढा किंवा डॉक्टरांना विचारून गोळ्याच आणून ठेवा. आणि बंदीच्या मोकळ्या दिवसांतच डॉक्टर ठरवा. हंगामात कुणाला सवड नसते.

डॉक्टर कसा निवडायचा?

१. नोंदणी असलेला. दवाखान्यात नोंदणी क्रमांक लावलेला असतो, तो बघायला लाज वाटू देऊ नका.

२. जवळचा, आणि आपल्या वेळेला सापडणारा. पहाटे होडी येते, दुपारी झोप, मग संध्याकाळ. त्या वेळेला जो उघडा असेल तो.

३. जो आधीचे कागद मागतो आणि आधीच्या गोळ्या विचारतो.

४. जो दर खेपेला सलाईन, इंजेक्शन आणि अँटिबायोटिक देत नाही. "काही नको, तीन दिवस बघू," असं सांगणारा डॉक्टर पैसे वाचवतो. आपणच "सुई द्या" म्हणून हट्ट धरतो, तो सोडायला हवा.

५. जो वेळ आली की स्वतःहून पुढं पाठवतो, जिल्हा इस्पितळात किंवा गोमेकॉत. चिठ्ठी घेऊन गेलात तर तिथंही काम सोपं होतं.

एकदा निवडला की लगेच बदलू नका. पण तो ऐकून घेत नसेल, किंवा गरज नसताना तपासण्यांचा मारा करत असेल, तर बदला. वाईट डॉक्टर नियमित असला तर खर्चही नियमित वाढतो.

डॉक्टर बदलला तरी फाईल बदलू नये

सरकारी केंद्रातल्या डॉक्टरांची बदली होते, खासगी डॉक्टर गाव सोडतात. म्हणून ओळख कागदावर उतरवा. प्रत्येक माणसाची एक प्लास्टिकची फाईल करा. त्यात चिठ्ठ्या तारखेप्रमाणे, रिपोर्ट, आणि पहिल्या पानावर चार गोष्टी : आजार कुठले, गोळ्या कुठल्या, कुठलं औषध सोसत नाही, आणि धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं. ही शेवटची ओळ महत्त्वाची. काटा लागला की आपण दर वेळी इंजेक्शन घेतो, कारण आधीचं कधी घेतलं ते कुणालाच आठवत नाही.

तांडेलांनी गोळ्यांच्या पाकिटांचा फोटो मोबाईलमध्ये ठेवावा, आणि एक प्रत घरी बायकोच्या किंवा मुलाच्या मोबाईलमध्येही. बरेच दिवस बाहेर जाणाऱ्या ट्रॉलरवर खेपेपेक्षा दोन-तीन दिवसांच्या जादा गोळ्या घ्याव्या. वारा कधी फिरेल सांगता येत नाही.

बोटमालकांसाठी दोन शब्द

आपल्या ट्रॉलरवरचे बरेच खलाशी परराज्यांतले. त्यांचं घर लांब, डॉक्टर कुठलाच नाही. २०२४ मध्ये कुटबण जेटीवरच्या कामगारांत कॉलराची साथ आली होती. अशी साथ पाणी आणि स्वच्छतेमुळं पसरते, डॉक्टर नसल्यामुळं नाही. पण आजारी माणसाला कुठं न्यायचं हे आधीपासून ठरलेलं असेल, तर पहिला माणूस लवकर पोचतो आणि बाकीचे वाचतात. हंगामाच्या सुरुवातीला सगळ्या खलाशांना जवळच्या आरोग्य केंद्रात एकदा नेऊन आणा. फाईल त्यांचीही करा.

दीनदयाळ कार्ड : गैरसमज नको

दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना २०१६ पासून आहे. तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख, त्याहून मोठ्या कुटुंबाला चार लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण. पण ती इस्पितळात दाखल होऊन घ्यायच्या ठरलेल्या उपचारांसाठी आहे. दर महिन्याची फी आणि गोळ्या तिच्यात येत नाहीत. म्हणजे कार्ड हे वादळासाठी, डॉक्टर रोजच्या वाऱ्यासाठी. दोन्ही लागतात. आणि कार्डावरची मुदत आजच बघा. आमच्या तांडेलांनी ती बघितली असती, तर अर्ज कदाचित टेबलावर आलाच नसता.

एक गोष्ट विसरू नका. छातीत दुखणं, तोंड वाकडं होणं, एका बाजूचा हात-पाय ढिला पडणं, श्वास न घेता येणं, यात घरच्या डॉक्टरची वाट बघायची नाही. सरळ १०८ ला फोन. फाईल मात्र बरोबर घ्या.

शेवटी

त्या तांडेलांचं कर्ज मंजूर झालं, हप्ते चालू आहेत. आता ते बीपीची एकच गोळी घेतात, कंबरेसाठी व्यायाम करतात आणि दुखण्याची गोळी डॉक्टरबाईंना विचारल्याशिवाय घेत नाहीत. काकींची साखर उतरली आहे, राग अजून पूर्ण उतरलेला नाही. पण डॉक्टरबाईंकडं जाताना शेजारच्या दोन बायकांनाही त्या घेऊन जातात, हे आम्ही पाहिलंय.

जून महिन्यात ज्यांना फाईल लावायला मदत हवी असेल त्यांनी सगळे कागद आणि घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून कार्यालयात आणाव्या. औषध आम्ही सांगणार नाही, तो आमचा अधिकार नाही. पण कागद तारखेप्रमाणे लावून देऊ, पहिलं पान लिहून देऊ आणि कार्डाची मुदत बघून देऊ. चहा आमच्याकडून.

होडी वर ओढलीत की हे एक काम आठवणीनं करा.

— आपली संस्था